चौकाचा कार्पेट एरिया

"ही मधली जागा कसली? लेबल कुठंय?"

मॅडमनी माझ्या शीटवर लाल पेनानं गोल केला, कोपऱ्यात 'करेक्शन करून सोमवारी' असं लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे वळल्या.

गेल्या सेमिस्टरची गोष्ट. बिल्डिंग ड्रॉइंगच्या प्रॅक्टिकलला 'तुम्हाला चांगल्या माहीत असलेल्या एका घराचा प्लॅन काढून आणा' असं सांगितलं होतं. बॅचमधल्या बहुतेकांनी आपापला टू बीएचके आणला. मी आमचा सदाशिव पेठेतला जुना वाडा काढला. तो पाडून दहा वर्षं होऊन गेली, तेव्हा मापं तपासायला कोणी जाणार नाही, हाही हिशोब त्यामागे होताच. उगाच खोटं कशाला बोला! दिंडी दरवाजा, ओसरी, सात बिऱ्हाडांच्या सगळ्या खोल्या, जिना, मागचे दोन संडास, सगळ्यांना इमानेइतबारे नावं दिली. मधोमध एक चौकोन तेवढा कोरा राहिला.

"ओ.टी.एस. लिही की लेका," शेजारचा मित्र म्हणाला. ओ.टी.एस. म्हणजे ओपन टु स्काय. वर छप्पर नसलेली जागा. सगळेजण लिहितात, चालतं. मीही लिहिणार होतो. पेन्सिल टेकवलीसुद्धा होती. पण त्या चौकोनात मी आयुष्याची पहिली दहा वर्षं काढली होती, आणि आता त्याला तीन अक्षरांत गुंडाळायचं जिवावर आलं. म्हटलं, सोमवारपर्यंत वेळ आहे, बघू.

तुमच्यापैकी पुष्कळांनी वाड्याचा चौक पाहिला नसेल, म्हणून आधी थोडं टेक्निकल. चौक म्हणजे अंगण नव्हे. अंगण घराच्या पुढं असतं, चौक घराच्या पोटात. पेठांमधले प्लॉट रस्त्याला अरुंद आणि आत खोल. दोन्ही अंगांना शेजारच्या वाड्याच्या भिंती चिकटलेल्या. आता खिडक्या काढणार कुठं? म्हणून घराच्या मधला एक तुकडा न झाकता तसाच ठेवायचा आणि सगळ्या खोल्यांनी त्याच्याकडे तोंड करून बसायचं. उजेड तिथून, वारा तिथून. आमचा चौक ओसरीपेक्षा एक पायरी खाली होता, दगडी फरशीचा, एका कोपऱ्याला अगदी हलका उतार दिलेला. चारी बाजूंच्या पागोळ्या त्यात पडायच्या आणि पाणी बरोबर त्या कोपऱ्यातल्या मोरीकडे जायचं. तो उतार कोणी, कधी काढला कोणास ठाऊक, पण भर पावसाळ्यातही चौकात पाणी साचल्याचं मला आठवत नाही. (आमच्या कॉलेजच्या नव्या पोर्चबद्दल मी काही बोलत नाही.) उन्हाळ्यात रात्री फरशी उघड्या आभाळाखाली निवायची, गार हवा खाली बसायची आणि सकाळी नऊ-दहापर्यंत ओसरीवर पंखा लागत नसे. आपण ज्याला परीक्षेत पाच मार्कांसाठी 'पॅसिव्ह कूलिंग' म्हणतो, ते हेच.

गंमत म्हणजे 'चौक' हा शब्द आपल्या नियमावलीतसुद्धा आहे. २०२० साली राज्यासाठी जी एकत्रित बांधकाम नियमावली आली, तिच्या इंग्रजी मजकुरात 'छज्जा'सारखाच 'चौक'ही तसाच्या तसा बसलाय. चारी बाजूंनी बंद तो आतला चौक, एक बाजू उघडी असलेला तो बाहेरचा चौक. वाचून मला केवढा आनंद झाला! म्हणजे आमच्या नव्या बिल्डिंगमध्येही चौक असणार. शोधत गेलो, तर सापडलाही. बाथरूमच्या खिडकीबाहेर. ज्यात ड्रेनेजचे पाइप उतरतात, कबुतरांसाठी जाळी लावलेली असते आणि वरच्या मजल्यावरून पडलेले कपड्यांचे चिमटे कायमचे जाऊन बसतात, ती डक्ट! उजेड आणि वारा देणं हे काम तेच, वंशही तोच. फक्त आता तिच्याकडे सगळ्यांनी पाठ केलीय.

असो. तर चौक.

माझ्या आठवणीतला चौक सकाळी सव्वासहाला सुरू होतो. "पाणी आलं गंऽऽ" अशी एक हाक यायची आणि सातही बिऱ्हाडांची दारं उघडायची. चौकाच्या कोपऱ्यात पितळी तोटीचा एकच नळ. त्याच्यापुढं कळश्या, बादल्या, घागरी आदल्या रात्रीपासून रांगेत लावलेल्या. नियम एकच होता, आधी सगळ्यांच्या दोन-दोन, मग ज्याला जास्त हवं त्याचं. नियम होता म्हणजे तो मोडलाही जायचा, आणि मोडला की जे भांडण व्हायचं ते ऐकायला समोरच्या वाड्यातली मंडळी गॅलरीत यायची. आठ वाजेपर्यंत भांडण मिटलेलं असायचं, कारण नऊला त्याच बाईकडून विरजण आणायचं असायचं.

बाकीचा दिवस आम्हा पोरांचा. भिंतीला बॉल लागला की आउट, मालकांच्या तुळशीला लागला की आउट आणि शिवाय मार. उन्हाळ्यात चौक बायकांच्या ताब्यात जायचा, कुरडया, पापड, सांडगे, आणि आम्ही कावळे हाकलण्याच्या ड्यूटीवर. (ओले पापड किती खाल्ले याचा हिशोब कोणी ठेवला नाही.) कोजागिरीला दूध, गणपतीत आरत्या, वरच्या मजल्यावरच्या ताईचं केळवण, मालकांच्या नातवाची मुंज. हे सगळं तुम्ही दहा ठिकाणी वाचलं असेल, म्हणून लांबण लावत नाही. एकच सांगतो.

२०१२ च्या जानेवारीत माझे आजोबा गेले. पहाटे चार वाजता. मी आठ वर्षांचा होतो. आजीनं हाक मारली, बाबांनी दिवा लावला, आणि बस्स. कोणालाही फोन करावा लागला नाही. आमच्या खोलीत अवेळी दिवा लागला एवढ्यावरून पाच मिनिटांत चौकात माणसं उभी होती. कोणीतरी डॉक्टरांकडे सायकल पिटाळली, कोणीतरी बंब पेटवला, ज्यांच्याशी आदल्याच आठवड्यात पाण्यावरून वाजलं होतं त्या काकूंनी आजीला धरलं. समोरच्या काकांनी मला पांघरुणासकट उचलून त्यांच्या घरात नेऊन झोपवलं. सकाळी मी दूध-पोळी खाल्ली ती त्यांच्याकडे. काय झालंय ते मला त्यांनीच सांगितलं, ओसरीवर शेजारी बसून. आजोबांना शेवटचं ठेवलं ते चौकातच. तेवढी मोठी जागा वाड्यात कोणा एकाच्या घरात नव्हतीच.

मग असा वाडा पाडला कशाला, असं कोणी विचारेल. आमच्या वाड्याचं भाडं महिना बावीस रुपये होतं! १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी गोठवली. १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं ते प्रमाण धरलं गेलं. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूंना रस्त्यावर यायला लागू नये म्हणून हे केलं, आणि तेव्हा ते योग्यच होतं. पण कायदा तसाच पुढं पुढं चालत राहिला. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्यात वर्षाला चार टक्के वाढीची सोय आली. बावीस रुपयांवर चार टक्के! आता मालकांच्या बाजूनं बघा. सात बिऱ्हाडांचं वर्षाचं भाडं गोळा करून पावसाळ्याआधीची कौलं चाळायची मजुरीही निघत नव्हती. भाडेकरू म्हणणार, वाडा मालकांचा, त्यांनी बघावं. मालक म्हणणार, राहताय तुम्ही, तुम्ही बघा. तळखड्यांवरचे सागवानी खांब ठणठणीत होते, पण आढ्याला वाळवी लागली, मागची भिंत फुगली. दर पावसाळ्यात पेठेतला एखादा वाडा ढासळल्याची बातमी यायची आणि आई आमच्या भिंतीकडे बघत पदराला हात पुसायची.

शेवटी २०१४ साली बिल्डर आला. त्याचा माणूस खोल्या मोजायला आला तेव्हा टेपचं दुसरं टोक धरायला मी होतो. हे माझं आयुष्यातलं पहिलं सर्व्हेइंग! आमची दीड खोली मोजली, समोरच्यांची मोजली, वरच्यांची मोजली. प्रत्येक आकडा वहीत, त्यापुढं त्या त्या माणसाची सही. सगळं झाल्यावर तो टेप गुंडाळायला लागला.

"काका, चौक राहिला," मी म्हणालो.

"तो नाही मोजायचा. तो प्लॉटात धरलाय."

तेव्हा काही कळलं नाही. आता कळतं. खोल्या आमच्या होत्या म्हणून त्या मोजल्या. चौक सगळ्यांचा होता, म्हणून तो कोणाच्याच वहीत आला नाही. कार्पेट एरियात तो बसत नाही, बसणं शक्यही नाही. २०१६ च्या रेरा कायद्यानं कार्पेट एरियाची नीट व्याख्या केली, ती घराच्या आतल्या वापराच्या जागेची. त्यात बाल्कनी आणि गच्चीसुद्धा धरत नाहीत, तिथं चौकाला कोण विचारतो! पण प्लॉटात तो धरलेला होता, म्हणजे त्याच्यावर एफएसआय होता. चौकाच्या डोक्यावर तीनशे वर्षं जे नुसतं आभाळ होतं, त्याचे चौरस फूट झाले आणि ते चौथ्या मजल्यावर जाऊन बसले. आमचा चौक आज कुठं आहे असं विचारलंत, तर माझं टेक्निकल उत्तर आहे : चौथा मजला, फ्लॅट नंबर चारशे एक. (तीनशे वर्षं हा आपला मालकांचा आकडा हं. मला तरी वाडा एवढा जुना वाटत नव्हता. पण पेठेत वाड्याचं वय विचारायचं नसतं.)

नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो तेव्हा मी तेरा वर्षांचा. खाली पार्किंग, वर चार मजले, लिफ्ट. मोठ्या स्कीममध्ये, म्हणजे प्लॉट चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल तर, दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. तिथं मग हिरवळ येते आणि 'हिरवळीवर चालू नये' ही पाटी. आमचा प्लॉट साडेतीनशे मीटरसुद्धा नसेल. आमच्याकडे मोकळं म्हणजे पार्किंगमध्ये एक कोपरा, जिथं खांबामुळं गाडी वळत नाही, तेवढाच.

त्या कोपऱ्यात आजी बसू लागली. प्लास्टिकची खुर्ची घेऊन, रोज सकाळी सव्वासहाला. घरात चोवीस तास पाणी होतं, तरी तिचं पाणी यायची वेळ चुकली नाही. सुरुवातीला वॉचमनशी बोलायची, मग पेपरवाल्याशी. बिल्डिंगमधली माणसं लिफ्टमधून थेट गाडीत आणि गाडीतून थेट लिफ्टमध्ये. जाताना हसायची, हे खोटं कशाला बोलू. पण हसायला एक सेकंद लागतो आणि बोलायला थांबावं लागतं.

मला आजीचं फार वाईट वाटायचं. म्हणून अकरावीत मराठीच्या निबंधाला मी 'हरवलेला चौक' असा एक दणदणीत निबंध लिहिला, माणुसकी वगैरे शब्द घालून. बाईंनी वर्गात वाचून दाखवला. घरी येऊन आईला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"छान आहे. तुला चौक आठवतो, कारण तुला तिथं भांडी घासायला लागली नाहीत."

मी गप्प. ती मात्र त्या दिवशी बोलत राहिली. लग्न होऊन आली तेव्हाची थंडी, पहाटे पाचला चौकातल्या दगडावर बसून गार पाण्यात घासलेली भांडी. सात बिऱ्हाडांत दोन संडास, तेही मागं, रात्री जायचं तर कोणाला तरी उठवायचं. अंघोळ करून केस पुसत बाहेर आलं की चार जणी बघणार, नवी साडी कितीची ते विचारणार. नवराबायको जोरात बोलले तर दुसऱ्या दिवशी नळावर तोच विषय.

"तू होणार आहेस हे तुझ्या बाबांना कळायच्या आधी नळावर कळलं होतं. मला दोनदा उलटी झाली, तिसऱ्यांदा कळशी भरायच्या आत सगळ्यांनी तारीख काढून मोकळं केलं! माझं मलाच सांगायचं राहून गेलं रे."

हे सांगताना ती हसत होती. पण या फ्लॅटमध्ये आलो त्या पहिल्या रात्री तिनं स्वयंपाकघरातला नळ उगाचच दोनदा उघडून बंद केला होता, तेही मला त्याच वेळी आठवलं.

आजी आतल्या खोलीतून ऐकत होती. मला वाटलं आता सासू-सुनेचं वाजणार. पण ती बाहेर आली आणि भलतंच बोलली. म्हणाली, "अगं, तुझं तरी नळाचं दुःख. मी आले तेव्हा, अडुसष्ट साली, मागं टोपलीचे संडास होते. ते साफ करायला एक बाई यायची, मागच्या बोळातून. चौकात पाऊल टाकायची नाही. उन्हाळ्यात पाणी मागितलं तर सासूबाई वरून ओतायच्या, ती ओंजळीनं प्यायची. मीही तसंच ओतलं." मग जरा थांबून, "तिचं नाव मी कधी विचारलं नाही."

माझ्या निबंधात 'सर्वांचा चौक' असे शब्द होते. शाईनं लिहिलेले. त्या बोळाची रुंदी मला माहीत होती, कारण पावसाळ्यात बॉल तिकडे जायचा. साधारण अडीच फूट. पण तो बोळ तिथं का आहे, हे मला कधी कोणाला विचारावंसंही वाटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी सायकल काढून गंज पेठेत महात्मा फुल्यांच्या वाड्यावर गेलो. शाळेच्या सहलीत एकदा बघितला होता, पण तेव्हा लक्ष डब्याकडे जास्त. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, हे वाक्य आपण सगळ्यांनी पाठ केलंय. रिकाम्या जागा भरा, दोन मार्क. तिथं उभं राहिलो तेव्हा मला ते पहिल्यांदा दिसलं. हौद काही रस्त्यावरचा नाही, घराचा आहे. म्हणजे ज्यांना लोक बोळातून पाठवत होते त्यांना या माणसानं आवारात बोलावलं, नळाच्या... म्हणजे हौदाच्या रांगेत. त्याच आवारात तुळशी वृंदावनाखाली त्यांच्या अस्थी आहेत. मी बराच वेळ पायरीवर बसून होतो. दोन शाळकरी मुलं पकडापकडी खेळत होती, एवढंच.

पुण्यात सगळं पाण्याभोवतीच फिरतं की काय, असं तेव्हापासून मला वाटायला लागलंय. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातलं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून गावात आणलं, वाटेत ठिकठिकाणी हौद बांधले, आणि हौद तिथं गर्दी. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, खडकवासलाही फुटलं. पूर ओसरल्यावर नारायण, शनिवार पेठांतले शेकडो वाडे मातीत गेलेले आणि नदीकाठी सगळीकडे पाणीच पाणी होऊन गेलेलं असताना गावातले नळ कोरडे! आजीच्या सासूबाई सांगायच्या, तेव्हा आमच्या चौकातला बंद पडलेला आड पुन्हा उघडला, रहाट बसवला आणि ओळखीपाळखीची पूरग्रस्त मंडळी पंधरा-वीस दिवस ओसरीवर राहिली. माझ्या वेळी त्या आडावर लोखंडी जाळी होती आणि जाळीवर मालकांच्या कुंड्या.

हे सगळं डोक्यात असतानाच मागच्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीची मोटर जळाली.

एप्रिल महिना, शनिवार संध्याकाळ. वाइंडिंग गेलं. खालची टाकी भरलेली, वरची रिकामी. मेकॅनिक म्हणाला सोमवारशिवाय काही होत नाही. रविवारी सकाळी सव्वासहाला आजी नेहमीप्रमाणे खाली गेली, आणि दहा मिनिटांत तिची हाक आली. हाक म्हणजे काय, चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू गेली! वॉचमननं टाकीचं झाकण काढलं होतं, दोरीला बादली बांधली होती आणि माणसं नाइट ड्रेसमध्ये, हातात बादल्या, ऑफिसच्या पाण्याच्या बाटल्या, एकानं तर कुकरचं भांडं आणलेलं. कोणी आधी घ्यायचं यावरून कुरबुर सुरू होणार इतक्यात आजी खुर्चीवरून म्हणाली, "आधी सगळ्यांच्या दोन-दोन. मग बाकीचं."

कोणी वाद घातला नाही. मला वाटतं तो आवाजच तसा होता.

आणि या वेळी कळशी माझ्या हातात होती. आईनं सरळ सांगितलं, "तुझा चौक आहे ना, जा आता." तिसरा मजला, सहा बादल्या, प्रत्येकी पंधरा लिटर. लिफ्ट चालू होती, पण पाणी सांडतं म्हणून सेक्रेटरींनी बादल्यांना बंदी केली. जिन्यात मी एम जी एच चा हिशोब केला. नव्वद किलो गुणिले नऊ पूर्णांक आठ गुणिले नऊ मीटर, आठ किलोज्यूलसुद्धा होत नाहीत. एका बिस्किटातसुद्धा याच्या कितीतरी पट एनर्जी असते. फिजिक्सवरचा माझा विश्वास तिथंच दुसऱ्या लँडिंगवर उडाला. खांदे दोन दिवस दुखत होते. आईनं हे काम चौदा वर्षं रोज केलं होतं, वर भांडी, वर धुणं.

पण त्या दोन दिवसांत मला कळलं की दुसऱ्या मजल्यावरच्या काकू रिटायर्ड नर्स आहेत, चारशे एकमधला मुलगा माझ्याच कॉलेजला मेकॅनिकलला आहे (वर्षभर एकाच बसनं जात होतो!), आणि पहिल्या मजल्यावरच्या काकांचे गुडघे गेलेत. त्यांच्या बादल्या मेकॅनिकलनं आणि मी मिळून चढवल्या. संध्याकाळी कोणीतरी पार्किंगमध्ये कलिंगड कापलं. सोमवारी दुपारी मोटर आली. वरची टाकी भरल्याचा आवाज झाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे घरी गेले. मंगळवारी सकाळी सव्वासहाला खाली आजी आणि वॉचमन.

तेव्हा माझ्या डोक्यात जे आलं ते एवढंच. आम्ही समजतो की जागा ठेवली की माणसं जमतात. म्हणून प्लॅनमध्ये 'सिटिंग एरिया' लिहून दोन बाक काढतो. वाड्यात चौक होता म्हणून कोणी जमत नव्हतं, तिथं नळ होता म्हणून जमत होतं. येणं भाग होतं. आलंच आहे तर बोलणं, बोलणं आहे तर भांडण, आणि मग त्या पहाटे चारच्या दिव्याकडे लक्ष जाणं. त्यातला जाच तेवढा काढून टाकायचा आणि नळ ठेवायचा, हे जमतं का? आईला परत दगडावर न बसवता? मला अजून उत्तर सापडलेलं नाही. सिलॅबसमध्येही नाही.

एक प्रयोग मात्र केला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी आणि मेकॅनिकलनं सुचवलं की पार्किंगच्या त्या अडचणीच्या कोपऱ्यात एक नळ काढू. माणसं जमावीत म्हणून, असं सांगितलं असतं तर उडवून लावलं असतं. "गाड्या धुवायला होईल," असं सांगितलं. एकमतानं मंजूर! आता रविवारी तिथं चार-पाच गाड्या पुसल्या जातात, आजी खुर्चीवरून कुठं डाग राहिलाय ते सांगते. तिनं तिथं तुळशीची एक कुंडीही आणून ठेवली. काम करायला येणाऱ्या मावशी घरी जाताना तिथं हातपाय धुतात आणि बाटली भरून घेतात. पहिल्यांदा एकीनं विचारलं, "घेऊ का पाणी इथलं?" आजी म्हणाली, "घे की. विचारायचं काय त्यात." मग तिला नाव विचारलं.

तर रविवार रात्र झाली आणि शीटवरचा चौकोन अजून कोराच. जेवणं झाल्यावर मी शीट टेबलावर पसरली आणि दोघींना बोलावलं.

"इथं काय लिहू?"

"चौक लिही. अजून काय लिहिणार?" आजी म्हणाली.

आईनं चष्मा लावला. बराच वेळ प्लॅनवर बोट फिरवत राहिली, दारातून ओसरी, ओसरीवरून खाली.

"नळ कुठंय यात?" तिनं माझ्या हातातून पेन्सिल घेतली. "हे बघ, इथं नळ. हा दगड, भांड्यांचा. ही मोरी. आणि अशी रांग लागायची." तिनं एकापुढं एक सात छोटे गोल काढले. पाचव्यावर पेन्सिल टेकवली. "ही आपली."

"पाचवी का? आपली खोली तर नळाच्या सगळ्यात जवळ."

"मी नवीन होते ना. नव्या सुनेची कळशी मागं."

"मी असतानासुद्धा?" आजीनं विचारलं.

"तुम्हीच ठेवायचात आई," आई म्हणाली, आणि दोघीही एकदम हसायला लागल्या.

सोमवारी मॅडमनी शीट हातात घेतली. चौकोनात 'चौक' असं लिहिलेलं, आणि कोपऱ्यात ते सात गोल, पेननं गिरवलेले.

"हे काय? कॉलम आहेत का?"

"नाही मॅडम. कळश्या."

मॅडमनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा शीटकडे. "स्केलवर आहेत?"

"हो मॅडम," मी म्हणालो. आमची ती पितळी कळशी अजून माळ्यावर आहे, सकाळी टेप लावून मोजूनच आलो होतो.